व्यवसायाची वेबसाइट : पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये

६ डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्यांच्यासमोरची गर्दी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. गावाकडून आलेली माणसे पिशव्या भरून पुस्तके नेतात. पण त्यातल्या एखाद्या वाचकाला फेब्रुवारीत त्याच विक्रेत्याकडून आणखी एक पुस्तक मागवावेसे वाटले तर तो काय करतो? पिशवीवर दुकानाचे नाव नसते. पावती मिळालेली नसते, मिळाली असेल तर तिच्यावरचा नंबर लागत नाही. मग तो फोनवर पुस्तकाचे नाव टाकून शोधतो आणि समोर एखाद्या मोठ्या ऑनलाइन कंपनीचे पान उघडते. उन्हातान्हात उभे राहून गिऱ्हाईक आपण जोडले आणि त्याची पुढची खरेदी मात्र दुसरीकडे गेली.

डिजिटल मार्केटिंग हा शब्द ऐकला की आपल्या तरुणांना जाहिराती, फॉलोअर्स आणि रील्स आठवतात. माझ्या मते त्याचा पहिला अर्थ फार साधा आहे. ज्याला तुमची गरज आहे त्याला तुम्ही सापडता का, आणि एकदा सापडल्यावर पुन्हा सापडता का, एवढाच.

हा प्रश्न आपल्यासाठी जरा जास्त महत्त्वाचा आहे. समाजशास्त्रात ज्याला सामाजिक भांडवल म्हणतात ते बाजारात बहुतेक वेळा वारशाने मिळते. वडिलांची पेढी, काकांची ओळख, ज्ञातीतला घाऊक व्यापारी, उधारीवर माल देणारा मामा. आपल्याकडे शिक्षणाची दुसरी-तिसरी पिढी आहे, पण धंद्याची बहुतेक घरांत पहिलीच. कूलर-एसी दुरुस्ती, केटरिंग, मंडप, फ्लेक्स छपाई, फोटोग्राफी, शिकवणी अशा कामांत आज आपली मुले-मुली उतरली आहेत, पण शिफारस करणारी साखळी त्यांच्या मागे नाही. अनोळखी माणूस मधल्या ओळखीशिवाय थेट तुमच्यापर्यंत येऊ शकतो, ही इंटरनेटची खरी किंमत आहे. मात्र या गरजेचा फायदा घेणारेही खूप आहेत. व्यवसायासाठी मिळालेल्या कर्जातले तीस-चाळीस हजार कोणा एजन्सीला देऊन वर्षभरात एकही गिऱ्हाईक न मिळालेले तरुण मला कामाच्या निमित्ताने भेटत असतात. म्हणून हा लेख.

वेबसाइटच्या आधी नकाशा

उदाहरणासाठी नागपुरातला कूलर आणि एसी दुरुस्तीचा एक व्यवसाय धरू. एप्रिल-मे महिन्यात तिथे या कामाला किती मागणी असते हे सांगायला नको. ज्याचा कूलर बंद पडला तो माणूस फोनवर दुरुस्ती असे टाइप करतो किंवा बोलून शोधतो. त्याला सगळ्यात वर नकाशा आणि त्याखाली दोन-तीन व्यवसायांची नावे दिसतात. ती नावे वेबसाइटवरून येत नाहीत, गुगल बिझनेस प्रोफाइलमधून येतात. ही नोंद पूर्णपणे मोफत आहे. ‘गुगलकडून बोलतोय, नोंदणीची फी भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा.

या यादीत कोण वर येणार हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : शोधलेल्या गोष्टीशी तुमचा व्यवसाय किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती अंतरावर आहात आणि तुमची ख्याती किती आहे. या यादीतले वरचे स्थान पैसे देऊन मिळत नाही, जाहिरातीची जागा वेगळी असते. अंतर तुमच्या हातात नाही. उरलेल्या दोन गोष्टी आहेत. व्यवसायाचा प्रकार नेमका निवडा. फक्त ‘दुकान’ किंवा ‘सेवा’ असे ठेवले तर एसी दुरुस्ती शोधणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही. वेळ, नंबर, सुट्टीचा दिवस खरा टाका. नाव पाटीवर आहे तेच ठेवा. नावात ‘नागपुरातील सर्वोत्तम स्वस्त कूलर दुरुस्ती’ असे कोंबले तर ते नियमाविरुद्ध आहे आणि नोंद बंद होऊ शकते.

पडताळणीसाठी आता बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. रस्ता, पाटी, हत्यारे, व्यवसायाचे कागद दाखवावे लागतात. एकदाच करायचे काम आहे, पण कंटाळा करून अनेक जण इथेच थांबतात.

आता एक महत्त्वाची गोष्ट. ज्यांचे दुकान नाही, जे गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काम करतात, त्यांना पत्ता लोकांना दाखवणे बंधनकारक नाही. पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो आणि असे वीसपर्यंत भाग टाकता येतात. वस्तीचे नाव वाचून फोन न करणारी माणसे या शहरांत आहेत, हे आपल्याला माहीत आहे. घरून चालणाऱ्या व्यवसायात महिला असतील तर सुरक्षिततेसाठीही ही सोय वापरावी.

ख्याती म्हणजे मुख्यतः अभिप्राय. काम झाले, गिऱ्हाईक खूश आहे, त्याच क्षणी त्याला अभिप्रायाची लिंक पाठवा. आठ दिवसांनी मागितला तर कोणी देत नाही. अभिप्राय विकत घेऊ नका आणि त्याच्या बदल्यात सवलतही देऊ नका, दोन्हीला मनाई आहे. एखाद्याने वाईट लिहिले तर शांतपणे, नेमके उत्तर द्या. पुढचा वाचणारा तक्रारीपेक्षा तुमचे उत्तर जास्त लक्ष देऊन वाचतो.

डोमेन कोणाच्या नावावर आहे?

वेबसाइट करायचे ठरले की सगळे रंग आणि डिझाइनबद्दल बोलतात. मी आधी विचारते, डोमेन कोणाच्या नावावर घेणार? डोमेन म्हणजे तुमचा इंटरनेटवरचा पत्ता. सर्रास घडते असे की, एजन्सी तो आपल्या खात्यातून, आपल्या ई-मेलवर घेते. वर्ष संपले की नूतनीकरणासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मागते, किंवा एजन्सीच बंद पडते आणि पत्ता हातचा जातो. पाटीवर, कार्डवर, बिलबुकवर छापलेला पत्ता मग कोरा. कायद्याने भांडायचे म्हटले तरी नोंद दुसऱ्याच्या नावावर असते.

साधे .इन डोमेन वर्षाला हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळते. ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ई-मेलवर, स्वतःच्या कार्डाने किंवा यूपीआयने घ्या. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा. होस्टिंगचा पासवर्ड, गुगल प्रोफाइलची मालकी, फेसबुक पेजची मुख्य परवानगी हे सगळे तुमच्याकडे हवे. काम करणाऱ्याला व्यवस्थापकाची परवानगी देता येते, मालकी देण्याची गरज नसते. शेताचा सातबारा कोणाच्या नावावर आहे हे आपण विचारतो ना, तसेच हे विचारायचे. एजन्सी याला नाही म्हणाली तर दुसरी पाहा, यात तडजोड नको.

आणि ‘गुगलवर पहिल्या नंबरची हमी’ असे कोणी लिहून देत असेल तर तिथेच उठावे. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलनेच सांगून ठेवले आहे.

वेबसाइट स्वतःच्या फोनवर उघडून पाहा

डिझायनर तुम्हाला वेबसाइट त्याच्या मोठ्या पडद्यावर, ऑफिसच्या वायफायवर दाखवतो. तुमचे गिऱ्हाईक ती साध्या फोनवर, लिफ्टमध्ये किंवा बसस्टॉपवर पाहणार आहे. गुगलही वेबसाइटची मोबाइलवरची आवृत्तीच वाचून नोंद करते. म्हणून तपासणी फोनवरच करायची, तीही वायफाय बंद करून.

पान उघडायला वेळ लागतो याचे सर्वांत मोठे कारण फोटो. फोनने काढलेला एक फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. असे दहा फोटो जसेच्या तसे टाकले की गिऱ्हाईक पान उघडायच्या आधीच मागे फिरते. तोच फोटो आकार कमी करून वेबपी प्रकारात केला तर दीडशे-दोनशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक जाणवत नाही. पेजस्पीड इनसाइट्स हे गुगलचे मोफत साधन आहे, त्यात आपला पत्ता टाकला की पान कुठे अडते ते कळते. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हे तिथले चांगले समजले जाणारे माप. सरकणारे मोठे बॅनर आणि आपोआप सुरू होणारा व्हिडिओ यांनी वेग मरतो. भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा तो आकड्यांचा डबा अजूनही काही ठिकाणी दिसतो. तो कशासाठी असतो, मला आजवर कळलेले नाही.

पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस आहे का पाहा. २०१८ च्या जुलैपासून क्रोम ब्राउझर ते नसलेल्या वेबसाइटला ‘असुरक्षित’ अशी खूण लावतो. ही खूण पाहून नवीन माणूस नंबरसुद्धा देणार नाही. यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून मोफत मिळते आणि बरेच होस्टिंगवाले ते आपोआप बसवून देतात. त्याचे वेगळे हजारो रुपये कोणी लावत असेल तर कशाचे, ते विचारा.

आता मजकूर. बहुतेक छोट्या वेबसाइट ‘आम्ही या क्षेत्रातील अग्रगण्य असून ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ असे सांगून सुरू होतात. हे वाचून कोणी कधी फोन केला असेल असे वाटत नाही. कूलर बंद पडलेल्याला काय हवे आहे? तुम्ही त्याच्या भागात येता का, आज येता का, नुसते पाहायला किती घेता, मोटार बदलली तर किती दिवसांची हमी देता. ही चार उत्तरे पहिल्याच पडद्यावर द्या. खाली नंबर असा द्या की बोट लावले की फोन लागेल. नंबर चित्रात लिहिलेला असेल तर तो लागतही नाही आणि कॉपीही होत नाही. दर सांगायला अनेक जण घाबरतात, प्रतिस्पर्धी पाहील म्हणून. प्रतिस्पर्ध्याला दर आधीच माहीत असतो, फक्त गिऱ्हाइकाला माहीत नसतो. नेमका आकडा देता येत नसेल तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे लिहा.

प्रत्येक कामाला वेगळे पान ठेवा आणि त्या पानाला शीर्षक द्या. ब्राउझरच्या पट्टीत आणि गुगलच्या निकालात दिसणारे हे शीर्षक अनेक वेबसाइटवर नुसते ‘होम’ असते. त्याऐवजी ‘कूलर दुरुस्ती, नागपूर’ असे असेल तर यंत्रालाही कळते आणि माणसालाही. फोटो स्वतःच्या कामाचे हवेत. इंटरनेटवरून उचललेला परदेशी गोरा मेकॅनिक पाहून विश्वास वाढत नाही, कमी होतो.

मराठी मजकूर खरोखर मराठीत आहे का?

छपाईच्या जगातून आलेले आपले अनेक मित्र जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये मजकूर तयार करतात. तो कागदावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी असते. असा मजकूर वेबसाइटवर टाकला की फोनवर अगम्य अक्षरे दिसतात. मग उपाय म्हणून त्याचे चित्र करून टाकतात. चित्रातली अक्षरे शोधात येतीलच याचा भरवसा नसतो आणि अंध वाचकाचे स्क्रीन रीडरही ती वाचू शकत नाही. पुस्तकांच्या याद्यांचे हेच झाले आहे. शेकडो पुस्तकांची यादी एका फोटोत आहे आणि त्यातले एकही पुस्तक शोधून सापडत नाही. युनिकोडमध्ये टाइप करा, किंवा जुना मजकूर परिवर्तकातून काढून एकदा डोळ्याखालून घाला, कारण जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. पुस्तक विकणाऱ्याने प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखक, किंमत, पाने अशी छोटी नोंद वेगळ्या पानावर केली तर वर सांगितलेला फेब्रुवारीतला वाचक थेट तिथे येईल.

लोक रोमन लिपीतही मराठी शोधतात. म्हणून व्यवसायाचे नाव आणि कामाचे नाव दोन्ही लिपींत एकेकदा असू द्या. तेवढे पुरे. वीस वेळा तोच शब्द घुसवला तर वाचणाऱ्याला किळस येते.

व्हॉट्सॲप, पण शिस्तीत

खरे सांगायचे तर अनेक छोट्या व्यवसायांना पहिले वर्षभर वेबसाइटची गरजच नसते. गुगल प्रोफाइल आणि व्हॉट्सॲप बिझनेस पुरते. त्यात कॅटलॉग, कामाची वेळ, ठरावीक उत्तरे आणि गिऱ्हाइकांना लावायची लेबले आहेत. आपल्या नंबरची थेट चॅट उघडणारी लिंक तयार होते, तिचा क्यूआर कोड करून बिलावर, पिशवीवर, पुस्तकाच्या आतल्या पानावर चिकटवा. स्टॉलवर तीन दिवसांत भेटलेले वाचक वर्षभर टिकवायला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्याने तुमचा नंबर जतन केला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. म्हणून गिऱ्हाइकाला नंबर जतन करायला सांगा आणि संदेश पाठवू का, हेही विचारा. समाजाच्या ग्रुपमधले नंबर उचलून सर्वांना जाहिरात पाठवणे बंद करा. लोक तक्रार करतात आणि नंबरच बंद होतो. शिवाय विहाराच्या किंवा जयंतीच्या ग्रुपमध्ये माणसे त्या कामासाठी आलेली असतात, खरेदीसाठी नाही.

केटरिंगवाल्यांनी एक काळजी घ्यावी. लष्करातून बोलतोय असे सांगून मोठी ऑर्डर द्यायची आणि आगाऊ रक्कम पाठवतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावायचा, ही फसवणूक जुनी आहे आणि अजून चालते. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

जाहिरात करायचीच असेल तर

वर सांगितलेले सगळे झाल्याशिवाय जाहिरातीवर रुपया घालू नका. गळक्या माठात पाणी भरण्यासारखे ते आहे. करायची असेल तर हंगामात, थोडक्या रकमेची आणि ठरावीक दिवसांची करा. गुगलच्या जाहिरातीत ठिकाण निवडताना मूळ सेटिंग असे असते की, त्या शहरात असलेल्यांबरोबर त्या शहरात ‘रस असलेल्यांनाही’ जाहिरात दिसते. पुण्यात बसून नागपूरविषयी शोधणाऱ्याने क्लिक केले तरी पैसे तुमचे कापले जातात. तिथे फक्त ‘त्या ठिकाणी असलेले’ हा पर्याय निवडा. फेसबुकचे ‘बूस्ट’ बटण सोपे आहे, पण लाइक वाढले म्हणजे गिऱ्हाईक वाढले असे नाही. फोन करणाऱ्या प्रत्येकाला ‘आमचा नंबर कुठून मिळाला’ हे विचारून वहीत लिहा. महिन्याच्या शेवटी ती वही कोणत्याही रिपोर्टपेक्षा खरे सांगते.

आडनाव आणि निळा झेंडा

हा प्रश्न मला दर कार्यशाळेत विचारला जातो, बहुतेक वेळा सगळे उठल्यावर, हळू आवाजात. व्यवसायाच्या पानावर आडनाव लिहू का? बाबासाहेबांचा फोटो लावू का?

सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी नोकऱ्यांसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आडनावांना बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. तो अभ्यास नोकरीचा होता, पण गिऱ्हाईकही त्याच समाजातून येते. म्हणून भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पुस्तके, मूर्ती, विहारातले कार्यक्रम, मंगल परिणय यांचा व्यवसाय असेल तर ओळख ठळक असावी, गिऱ्हाईक तीच शोधत येते. एसी दुरुस्तीत व्यवसायाला स्वतंत्र नाव देणे ही लाचारी नाही, बहुतेक व्यवसाय तसेच चालतात. मात्र आतून खोटे आडनाव धारण करणे वेगळे. ते एक दिवस कळते आणि मग कामाची चर्चा मागे पडते. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण दुसऱ्याने वेगळा घेतला म्हणून त्याला ग्रुपवर हिणवू नये.

सरकार हेही गिऱ्हाईक आहे

शेवटचा मुद्दा वेबसाइटचा नाही, पण ऑनलाइन दिसण्याचाच आहे. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणानुसार मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून. ही खरेदी मोठ्या प्रमाणात २०१६ साली सुरू झालेल्या जेम पोर्टलवरून होते. त्यासाठी आधी उद्यम नोंदणी लागते. ती आधार आणि पॅनवर, सरकारी पोर्टलवर, मोफत होते. शोधताना सरकारी दिसणारी खासगी पाने वर येतात आणि फी मागतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते पाहूनच माहिती भरा. नोंदणी करताना सामाजिक प्रवर्गाचा रकाना येतो. तो अनेक जण घाईत किंवा संकोचाने ‘सर्वसाधारण’ भरतात आणि वरच्या ४ टक्क्यांतून बाहेर पडतात. जात प्रमाणपत्र जवळ ठेवून तो रकाना नीट भरा. आधीच चुकीचा भरला असेल तर त्याच पोर्टलवर लॉगिन करून दुरुस्त करता येतो.